ओढ्यापासून चार हात दूर

अमेरिकेत आरव्ही भाड्याने घेऊन भटकायचं ठरलं की आपल्या मंडळींच्या तोंडी पहिली नावं येतात ती यलोस्टोन, योसेमिटी आणि ग्रँड कॅनियनची. ही सगळी राष्ट्रीय उद्यानं. त्यांच्या शेजारीच, पुष्कळदा त्यांना वेढून, नॅशनल फॉरेस्ट म्हणजे राष्ट्रीय वनं पसरलेली असतात. अशी १५४ वनं आहेत, आणि त्यांच्यासह फॉरेस्ट सर्व्हिसच्या ताब्यातली एकूण जमीन सुमारे १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट भरते. डोंगरातल्या ओढ्याकाठी, नळ नाही, वीज नाही, फोनला रेंज नाही अशा जागी, चाकांवरच्या घरात दोन रात्री काढायच्या असतील तर इकडे वळावं.

उद्यान आणि वन यांतला फरक नावापुरता नाही. उद्यानं अंतर्गत खात्याकडे आहेत, वनं कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. १९०५ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा तिचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांची भूमिका स्पष्ट होती: जंगल वापरायचं, पण पुढच्या पिढ्यांनाही वापरता येईल अशा बेतानं. म्हणून इथे लाकूडतोड चालते, शिकार चालते, उन्हाळ्यात गुरं चरायला येतात. सकाळी दार उघडावं तर ट्रेलरशेजारी गाई उभ्या, हे कोलोराडोत नवलाचं नाही. आणि या वनांच्या मुळाशी पाणी आहे. १८९७ च्या ज्या कायद्यानं ती राखण्याचे हेतू ठरवले, त्यात लाकडाच्या बरोबरीनं नद्या-ओढ्यांचे प्रवाह नीट राहावेत हा हेतू लिहिलेला आहे. ओढ्याकाठी मुक्कामाला जाणारा माणूस त्या जंगलाच्या मूळ कारणाशेजारीच बिऱ्हाड मांडतो.

तिथला साधेपणा मुद्दाम राखलेला आहे. त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातला बराचसा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: माणसाला ओढ्याजवळ आणायचं, पण ओढ्याच्या अंगावर घालायचं नाही, हे कसं जमवायचं?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी सामान्य घरांत आल्या आणि लोक शनिवार-रविवारी डोंगरात निघाले. गाडी ओढ्यापर्यंत न्यायची, दिसेल तिथे चूल मांडायची, झुडपाआड उरकायचं आणि डबे-बाटल्या तिथेच टाकून परतायचं, असा प्रकार सुरू झाला. १९१९ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसनं कोलोराडोत आर्थर कारहार्ट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टला नेमलं. प्वेब्लो शहराजवळच्या सॅन इझाबेल वनात, स्क्विरल क्रीक नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात, त्यानं मुक्कामाच्या जागांची आखणी केली. सरकारकडे अशा कामाला पैसा नव्हता, तेव्हा प्वेब्लोच्या नागरिकांनी संस्था काढून वर्गणी जमवली. चुली, टेबलं, संडास एवढंच त्यात होतं. पण जागा आधी ठरवायची, माणूस नंतर आणायचा, हा विचार नवा होता. पुढे १९४७ मध्ये त्याच ओढ्याला पूर आला आणि त्या बांधकामाचा बराच भाग गेला. पुराचा विषय पुढे येणारच आहे.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठा वाटतो तो एमिलिओ माइनेकी. हा मूळचा वनस्पतिरोगतज्ज्ञ. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या प्रचंड झाडांखाली पर्यटकांच्या गर्दीचा काय परिणाम होतो, हे तपासायचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं झाडाच्या शेंड्याकडे न बघता पायथ्याशी माती उकरली. हजारो पावलांनी आणि मोटारींच्या चाकांनी माती दाबली जाते, तिच्यातली बारीक छिद्रं बुजतात, मग पावसाचं पाणी आत मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. आधी गवत जातं, मग झुडपं, मग नवी रोपं उगवेनाशी होतात. मोठं झाड वर्षानुवर्षं तग धरतं, म्हणून बघणाऱ्याला काही बिघडल्याचं कळत नाही. कळतं तेव्हा कॅम्पग्राउंड उघडं-बोडकं झालेलं असतं. लोक ते सोडून पुढच्या हिरव्या जागी जातात आणि तिथेही तेच होतं.

माणसांना बंदी घाला, असं माइनेकीनं म्हटलं नाही. १९३२ मध्ये त्यानं मांडलेला उपाय असा: गाडीला तिची जागा द्या आणि तिथून हलू देऊ नका. एकेरी वाहतुकीचा वळसा घालणारा अरुंद रस्ता, त्याला तिरक्या फुटणाऱ्या छोट्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक गाडी. पट्टीच्या कडेला मोठे धोंडे किंवा ओंडके जमिनीत अर्धवट पुरून ठेवायचे, म्हणजे गाडी आणखी आत सरकणारच नाही. टेबल आणि चूल जागच्या जागी पक्की करायची, म्हणजे वावर त्याच चार पावलांत होतो. दोन जागांमधली झुडपं मात्र तशीच ठेवायची. १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या सरकारी योजनेतल्या बेकार तरुणांनी देशभर याच पद्धतीची कॅम्पग्राउंडं बांधली. आजही तुम्ही कुठल्याही जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये शिरलात की तो वळसा म्हणजे लूप, त्या तिरक्या पट्ट्या म्हणजे स्पर आणि ते धोंडे दिसतील. गाडी मागे घेताना तो धोंडा आड येतो तेव्हा चालक वैतागतो. त्याच धोंड्यामुळे पलीकडचं विलोचं झुडूप नव्वद वर्षं टिकलं आहे.

याची एक अडचण आहे. त्या काळच्या गाड्या आणि ट्रेलर लहान होते. आज इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरातून बाहेर पडणारे मोठे आरव्ही ३५-४० फुटांचे असतात. ओढ्याकाठच्या जुन्या स्परमध्ये ते मावत नाहीत, वळणावर फांद्या छताला लागतात. त्यामुळे वनांतल्या साध्या मुक्कामाला छोटी गाडी हवी. २० ते २५ फुटांची व्हॅन, ट्रकवर बसवलेला कॅम्पर किंवा लहान ट्रेलर असला तर सर्वांत सुंदर जागा मिळतात. बुकिंग करताना प्रत्येक जागेपुढे लांबीची मर्यादा लिहिलेली असते, ती गंभीरपणे घ्यावी.

अशा जागी पोहोचल्यावर काय दिसतं? क्रमांकाचा एक खांब, जाड फळ्यांचं टेबल, जाळी लावलेलं लोखंडी कडं म्हणजे चूल, आणि खडीचा सपाट तुकडा. प्रवेशापाशी एक पाकीटपेटी असते. पाकिटात पैसे घालायचे, त्याची पावती फाडून खांबाला लावायची आणि पाकीट जाड लोखंडी नळीत टाकायचं. बऱ्याच ठिकाणी एखादं निवृत्त जोडपं उन्हाळाभर ‘होस्ट’ म्हणून आपल्या आरव्हीत राहतं आणि त्या मोबदल्यात त्यांना जागा फुकट मिळते. पाणी असलंच तर हातपंपाचं.

आणि एक संडास असतो, ज्याबद्दल कुणी लिहीत नाही. तो पाण्याचा नसतो, जमिनीखाली बंद टाकी असते आणि ती गाडी आणून उपसावी लागते. अशा संडासाची दुर्गंधी हा पर्यटकांचा जुना तक्रारीचा विषय होता. फॉरेस्ट सर्व्हिसच्या अभियंत्यांनी त्यावर पंखा किंवा रसायन न वापरता तोड काढली. टाकीतून एक जाड काळी नळी छताच्याही वर नेली. तिच्यावर ऊन पडेल अशा बाजूला ती ठेवली. उन्हानं नळी तापते, आतली हवा हलकी होऊन वर चढते, शिवाय वरून वाहणारा वारा तिला ओढून घेतो. तिची जागा घ्यायला खोलीच्या भिंतीतल्या झरोक्यातून ताजी हवा येते आणि बैठकीतून खाली टाकीत उतरते. हवा सतत आत जाते आणि नळीवाटे बाहेर पडते, त्यामुळे वास खोलीत येत नाही. झाडांच्या दाट सावलीत हा संडास नीट चालत नाही, म्हणून तो मोकळ्या उन्हात असतो. नळ नाही, वीज नाही, आणि मैल्याचा थेंबही ओढ्याकडे जात नाही. अभियांत्रिकीचं हे काम मला एखाद्या पुलाइतकंच मोलाचं वाटतं.

आता तुमच्या आरव्हीकडे येऊ. वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या ठिकाणी आरव्हीत तीन टाक्यांचा हिशेब चालतो. एक वापरायच्या पाण्याची, दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. मध्यम ट्रेलरमध्ये वापरायचं पाणी साधारण ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर मावतं. घरच्या सवयीनं दहा मिनिटं शॉवर घेतला तर सत्तर-ऐंशी लिटर जातात, म्हणजे दोघांच्या अंघोळीत टाकी संपली. तांब्या-बादलीवर वाढलेल्यांना इथे काही शिकवावं लागत नाही, पाच-सहा लिटरमध्ये अंघोळ होते. पण लक्षात ठेवायचं ते हे की वापरलेलं पाणी कुठे तरी जमा होतच असतं. सांडपाण्याची टाकी भरली म्हणून नळी झुडपात सोडणं हा गुन्हा आहे, आणि तो पर्यटकांच्या हातून फार सहज घडतो. साबण, तेल, डाळीचं पाणी हे सगळं उतारानं ओढ्यात पोहोचतं, आणि अन्नाच्या वासानं अस्वल येतं. टाक्या रिकाम्या करायला डम्प स्टेशन गाठावं लागतं, आणि ते बहुधा डोंगराखालच्या गावात असतं. निघण्याआधीच ते कुठे आहे हे बघून ठेवावं.

विजेचं गणित याहून फसवं. फ्रीज, गीझर, शेगडी प्रोपेनवर चालतात, म्हणून आपल्याला वाटतं की बॅटरी फक्त दिव्यांपुरती. पण हीटर जरी गॅसवर जळत असला तरी त्याची गरम हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो आणि तो सात-आठ अँपिअर खातो. १०० अँपिअर-अवर्सची साधी लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याहून खाली उतरू देऊ नये, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे हाताशी ५०. थंडीच्या रात्री हीटर अधूनमधून मिळून चार तास चालला तर त्यातले तीसेक गेले. सकाळी सौर पॅनेल भरून काढेल म्हणावं, तर ओढ्याकाठच्या जागा स्प्रूस आणि अॅस्पेनच्या सावलीत असतात. जनरेटरला रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत बंदी असते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे अंथरूण-पांघरूण भरपूर न्यावं, हीटर पहाटेपुरता ठेवावा.

आणि एक खास आपल्या स्वयंपाकघराची गोष्ट. कोलोराडोतल्या अशा जागा सहज ९,००० फुटांवर असतात. तिथे पाणी १०० अंशांऐवजी ९१ अंशांच्या आसपास उकळतं. डाळ उघड्या पातेल्यात तासभर ठेवली तरी कडक राहते. कुकर न्यावा. शेगडी पेटवली की छतावरची झडप आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण बंद आरव्हीत कार्बन मोनॉक्साइड साचणं जिवावर बेततं. जेवण झालं की भांडी बाहेरच्या टेबलावर सोडू नयेत. फोडणीचा वास काळ्या अस्वलाला फार लांबून लागतो.

रात्री ओढ्याकाठी गारठा जास्त का असतो? सूर्य मावळला की उतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि घळीघळीनं खाली वाहत येते. ती ओढ्याच्या तळाशी साचते. शंभर फूट वरच्या टेकाडावर जी हवा सुखद वाटते ती खाली दात वाजवायला लावते. जुलैतसुद्धा पारा पाच अंशांपर्यंत उतरू शकतो.

ओढ्याचा आवाजही ऐकण्यासारखा आणि समजून घेण्यासारखा आहे. पाणी दगडावर आपटतं म्हणून आवाज होतो, अशी आपली समजूत असते. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवलं की तो आवाज मुख्यतः पाण्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावतो आणि स्वर काढतो. तीन मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे हजार वेळा कंप पावतो. लहान बुडबुड्याचा स्वर उंच, मोठ्याचा खर्जातला. असे अगणित स्वर मिळून ती अखंड खळखळ होते.

जून महिन्यात आणखी एक गंमत बघायला मिळते. वितळणाऱ्या बर्फावर पोसलेला ओढा दिवसातून एकदा चढतो आणि उतरतो. दुपारच्या उन्हात वर बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते. सकाळी पाण्याबाहेर कोरडा दिसणारा एखादा दगड नजरेत ठेवावा. रात्रीच्या जेवणानंतर टॉर्च घेऊन बघितलं तर तो बुडालेला असतो, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा वर आलेला.

या थंड, स्वच्छ पाण्यावर काय काय अवलंबून आहे याचं एक उदाहरण सांगतो. ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट हा कोलोराडोचा राज्यमासा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असं पुढे आलं की त्याचा शुद्ध वंश तेव्हा फक्त एका ठिकाणी उरला होता, कोलोराडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या छोट्याशा ओढ्यात. हा मासा तळाच्या खड्यांमध्ये अंडी घालतो. खड्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. काठ तुडवला गेला, चाकांनी माती सुटली की गाळ त्या फटींत बसतो आणि अंडी गुदमरतात. म्हणून तिथल्या पायवाटा आणि मोटारसायकलींचे मार्ग ओढ्यापासून लांब हलवले गेले. मोकळ्या जंगलात तंबू किंवा गाडी पाण्यापासून दोनशे फूट, म्हणजे साठेक मीटर दूर ठेवा असं सांगतात त्याचं कारण हेच. ते पाणी तसंच पिऊ मात्र नये. कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा परजीवी असू शकतो. या उंचीवर तीन मिनिटं खळखळून उकळावं.

आता पूर. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी कोलोराडोतल्या बिग थॉम्प्सन खोऱ्याच्या माथ्यावर वादळ अडकून राहिलं आणि काही तासांत सुमारे १२ इंच पाऊस ओतला. अरुंद दरीत सुट्टीसाठी आलेली माणसं भरलेली होती. १४४ जण गेले. त्यांतले अनेक जण गाडीतून दरीबाहेर पडायचा प्रयत्न करत होते. गाडी सोडून पन्नास-शंभर फूट वर चढले ते वाचले. त्यानंतर कोलोराडोतल्या दऱ्यांमध्ये पाट्या लागल्या: पूर आला तर वर चढा.

आर्कान्सातल्या वॉशिटा राष्ट्रीय वनात ११ जून २०१० च्या पहाटे आपल्या विषयाच्या याहून जवळची घटना घडली. अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडमध्ये लोक झोपलेले असताना लिटल मिझूरी नदी काही तासांत २० फुटांच्या आसपास चढली. २० जण बुडाले, त्यांत लहान मुलं होती. आरव्हींसाठी वीज-पाण्याच्या जोडण्या दिलेला तिथला एक भाग पूरक्षेत्रातच होता आणि सर्वाधिक जीव तिथे गेले. ओढ्याच्या त्याच मोहक आवाजात पाणी वाढल्याचा आवाज मिसळून जातो, फोनला रेंज नसते, इशारा पोहोचत नाही. म्हणून मुक्कामाला पोहोचताच उजेड असेतो वर जाणारी वाट पायानं चालून बघावी. ओंडके आणि काटक्या झाडांच्या खोडाला कुठल्या उंचीवर अडकल्या आहेत ते बघावं, मागचा पूर तिथवर आला होता. बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ जवळ असावा. वरच्या अंगाला अलीकडे वणवा लागून गेलेला असेल तर थोड्या पावसातही राख-चिखलाचा लोंढा येतो. अशा ओढ्याकाठी राहूच नये.

व्यवहाराचं थोडकं सांगतो. कॅम्पग्राउंडचं भाडं साधारण २०-३० डॉलर. पुष्कळ जागा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी नोंदवता येतात, काही मात्र आधी येईल त्याला. कॅम्पग्राउंडबाहेर मोकळ्या जंगलात बहुधा १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण गाडी कुठल्या रस्त्यावर नेता येते हे रेंजर कार्यालयात मिळणाऱ्या मोफत नकाशावर बघून घ्यावं. त्याच कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: रस्ता कसा आहे, हातपंप चालू आहे का, आग पेटवायला बंदी आहे का. सरपण लांबून नेऊ नये, लाकडातून किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. चूल विझवताना पाणी ओतावं, राख ढवळावी, पुन्हा ओतावं आणि हात लावून गार झाल्याची खात्री करावी.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. आपल्याकडे नदीकाठी आणि घाटाखाली कारव्हॅनच्या जागा होऊ लागतील तेव्हा माइनेकीचे धोंडे आणि अल्बर्ट पाइकची पहाट दोन्ही समोर असावीत. जलसंपदा खात्याची निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या जागांना परवानगी देणाऱ्यांनी लाल रेषेच्या आत रात्रीचा एकही मुक्काम मंजूर करू नये, आणि आपणही तसा मुक्काम बुक करण्याआधी मालकाला ती रेषा कुठून जाते हे विचारावं.